मुळी की डोंगर

"डिस्प्ले नाय," माझा भाऊ म्हणाला आणि त्याने खिशातून खोडरबर काढला.

शनिवारची दुपार. द्रोणागिरीतल्या आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवलेला, फरशीवर वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यांवर एका बाजूने काच असलेलं काळं कॅबिनेट. आत पंखे फिरताहेत, रंगीबेरंगी दिवे लागलेत आणि मॉनिटर मात्र ठार काळा. माझी मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुना लॅपटॉप एक रेंडर काढायला रात्र खातो, म्हणून तिने महिनाभर याद्या करून सुटे भाग जमवले. प्रोसेसर आणि बोर्ड लॅमिंग्टन रोडवरून, रॅम ऑनलाइन, एसएमपीएस आणि कॅबिनेट असंच इकडून तिकडून. जोडणी सकाळीच आटोपली. आता फक्त विंडोज टाकायची होती. 'फक्त' हा शब्द तिचा. सोमवारी सबमिशन.

खोडरबर घेऊन फिरणाऱ्या माझ्या भावाबद्दल सांगायला हवं. तो बोकडविऱ्याला राहतो. आता एका कंटेनर यार्डात संगणकाचं काम बघतो, पण त्याआधी सात-आठ वर्षं तो उरण तालुक्यात घरोघरी असेंबल्ड मशिनं बसवून द्यायचा. तेव्हा मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचं, लॅमिंग्टन रोड गाठायचा आणि संध्याकाळच्या लाँचने कॅबिनेट मांडीवर घेऊन परत यायचं. खारा शिंतोडा उडू नये म्हणून आईची जुनी साडी गुंडाळून. उरणच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी दातांवर किट चढायचं. ती काढून खोडरबरने दात घासले, फुंकर मारली आणि परत बसवली की निम्मी मशिनं उठून बसायची. बाकीच्या निम्म्यांना तो 'फॉरमॅट मारायचा'. या दोन औषधांवर त्याने नाव कमावलं.

"मामा, हात लावू नकोस," मुलगी म्हणाली.

"अगो बाय, रॅमचा दिवा जळतोय बघ बोर्डावर. पिवळा. रॅम धरलेली नाय."

"धरलीये. डीडीआर-५ आहे. पहिल्यांदा चालू केलं की ट्रेनिंग करतं."

"कोण?"

"प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर. समोर कुठली रॅम आहे, सिग्नल किती उशिरा येतोय, किती व्होल्टेजला नीट वाचता येतंय, हे तो एकेक करून तपासतो आणि जुळवून घेतो. काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो."

"आमच्या काळात तीन मिनिटं काळा पडदा म्हणजे बोर्ड गेला."

"म्हणूनच लोक घाबरून मध्येच बटण दाबतात आणि ते बिचारं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं."

मी मेथीची जुडी घेऊन त्यांच्या मध्ये बसले होते. घड्याळ बघितलं. चौथ्या मिनिटाला बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह झळकलं. भावाने खोडरबर खिशात ठेवला, पण खिशावरचा हात काही काढला नाही.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगांत, शिरल्यावर मुलीने एक वही उघडली. जे बदलायचं ते आधी वहीत लिहायचं, वेळेसकट. पहिली ओळ मला आठवते: '१२.५५ – एक्सएमपी चालू.' रॅमच्या डब्यावर लिहिलेला वेग मिळावा म्हणून ही कळ दाबायची असते, नाहीतर मोजलेल्या पैशाचं चीज होत नाही, सगळे पहिलं हेच करतात, असं तिने सांगितलं. भावाने वहीकडे बघून "वाण्याची खातेवही" म्हणून शेरा मारला. पुन्हा काळा पडदा, पुन्हा ट्रेनिंग, आणि मग पेनड्राइव्हवरून विंडोज ११ चा निळा-जांभळा पडदा उगवला. भाषा निवडली, अटी मान्य केल्या (त्या वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय), आणि 'विंडोज कुठे टाकायची' हा प्रश्न आला. खाली डिस्कची यादी. यादी रिकामी. एक टेराबाइटची नवी कोरी एसएसडी बोर्डावर स्क्रूने आवळलेली डोळ्यांना दिसत होती. विंडोजला दिसत नव्हती.

"काढ, परत बसव," भाऊ म्हणाला.

"बायोसमध्ये दिसते, म्हणजे बसलीये नीट. विंडोजच्या इन्स्टॉलरकडे तिच्यापर्यंत जायचा ड्रायव्हर नाही." तिने बायोसमध्ये जाऊन बोट ठेवलं. "हे बघ, व्हीएमडी चालू आहे."

आता हे व्हीएमडी काय, ते मला समजलं तसं सांगते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांवर एसएसडी थेट विंडोजच्या हवाली न करता मधल्या एका कंट्रोलरच्या मागे ठेवायची सोय आहे. अनेक डिस्क एकत्र जुंपायच्या असतील तर ती कामाची. काही बोर्डांवर ती मुळातच चालू असते. विंडोजच्या पेनड्राइव्हवर त्या मधल्याचा ड्रायव्हर नसला तर सगळ्या डिस्क पडद्यामागे. उपाय दोन. ड्रायव्हर वेगळ्या पेनड्राइव्हवर आणून 'लोड ड्रायव्हर' म्हणायचं, किंवा व्हीएमडी बंद करायचं.

भाऊ एकदम खूश झाला. "म्हणजे एफ-६!"

एक्सपीच्या दिवसांत साटा डिस्क नव्याने आल्या तेव्हा नेमकं हेच व्हायचं, असं तो सांगायला लागला. निळा पडदा, आणि तळाशी काही सेकंदांपुरती एक ओळ: एफ-६ दाबा. दाबलं की ड्रायव्हर फ्लॉपीवरून मागायचा. फक्त फ्लॉपीवरून. मशिनला फ्लॉपी ड्राइव्हच नसायचा, म्हणून हा स्वतःचा फ्लॉपी ड्राइव्ह पिशवीत घेऊन फिरायचा. "पिशवीत नसला तर बायोसमध्ये साटा काढून आयडीई करायचं. डिस्क लगेच दिसायची. वीस वर्षं झाली, दुखणं तेच, गोळी तीच. बंद कर ते."

गंमत म्हणजे मुलीनेही बंदच केलं. पण तिचं कारण वेगळं. आपल्याकडे डिस्क एकच आहे, मधल्या माणसाचा उपयोग नाही, म्हणून बंद. शिवाय विंडोज टाकायच्या आधीच ठरवायला हवं, कारण नंतर ही कळ फिरवली तर बसलेली विंडोज स्वतःचीच डिस्क शोधत निळ्या पडद्यावर आपटते. "बोर्डावरचा बटणसेल तीन-चार वर्षांनी मेला की बायोस मूळ पदावर येईल, व्हीएमडी परत चालू होईल, आणि कुणीतरी म्हणेल विंडोज उडाली, फॉरमॅट मारा," ती मामाकडे बघत म्हणाली. तिने एका चिठ्ठीवर 'व्हीएमडी बंद' असं लिहून ती कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली.

"हे मात्र बरोबर," भाऊ म्हणाला. चिठ्ठ्या चिकटवण्यावर यार्डातल्या माणसाचा विश्वास असतो.

डिस्क दिसली. फायली उतरायला लागल्या. ४३ टक्क्यांवर गाडी थांबली आणि पडद्यावर आकडा आला: ०एक्स८००७०२५डी.

"कंटेनरचा नंबर वाटतो," मी म्हटलं.

"कंटेनरचा नाय. त्यात चार अक्षरं आधी असतात."

पुन्हा सुरुवात केली. या खेपेला ७१ टक्के. तोच आकडा. तिसऱ्यांदा ५८.

इथून खरी जुंपली. भावाचं निदान तयार होतं: पेनड्राइव्ह खराब, दुसरा घे. मुलगी म्हणाली, पेनड्राइव्हवरची फाइल बिघडलेली असती तर दरवेळी त्याच जागी अडकलं असतं. जागा बदलते आहे, म्हणजे वाचताना नाही, मध्ये कुठेतरी घोटाळा होतोय. फाइल पेनड्राइव्हवरून उठते, रॅममध्ये उतरते, तिथे उलगडते आणि मग एसएसडीवर जाते. मध्ये आहे ती रॅम.

"आणि पेनड्राइव्ह बरोबर लिहिलाय हे तुला कसं ठाऊक?"

"मूळ फाइलचा चेकसम जुळवलाय मी. शा-२५६."

"तो काय?"

तिने समजावायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत अडकली. मग तिला सुचलं. "मामा, तुझ्या कंटेनरच्या नंबरात शेवटी चौकटीत एक आकडा असतो ना?"

"चेक डिजिट." आता भावाच्या आवाजात अधिकार आला. कंटेनरच्या अंगावर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक आकडा असतो. तो मनाने लिहिलेला नसतो. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, डावीकडून उजवीकडे प्रत्येक जागेचं वजन दुप्पट, सगळ्याची बेरीज, तिला ११ ने भागायचं, उरेल ती बाकी म्हणजे चेक डिजिट. गेटवरच्या पोराने पहाटे चार वाजता झोपेत ६ च्या जागी ८ टाइप केला तर बाकी जुळत नाही आणि सिस्टिम नंबर घेत नाही. "हजारो डबे फिरतात, म्हणून तर चुकत नाय."

"तसंच. फक्त इथे बाकी एका आकड्याची नसून ६४ अक्षरांची असते. पाच-सहा जीबीच्या फाइलमध्ये एक टिंब हललं तरी पूर्ण ओळ बदलते. मायक्रोसॉफ्टने दिलेली ओळ आणि माझ्या फाइलची ओळ तंतोतंत जुळली."

भावाने मान डोलावली. मला वाटलं मिटलं.

"तरी पेनड्राइव्ह बदलून बघायला काय जातं?" तो म्हणाला.

"बदलून बघायचं नाही. आधी मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, लावायचा, दोन्ही रॅमवर. मग एकेक काढून. एका वेळी एकच गोष्ट."

"किती वेळ?"

"रात्रभर."

"आणि सबमिशन?"

तेवढ्यात तिला मैत्रिणीचा फोन आला. मैत्रीण मॉडेलचं सामान घेऊन नेरूळहून निघाली होती, तिला घ्यायला स्टेशनवर जायचं होतं. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल सुरू झाली, त्याच दिवशी अटल सेतूही. तेव्हापासून द्रोणागिरीला 'स्टेशनवर जाऊन येते' हे वाक्य मिळालं. पण गाड्या अजून मोजक्याच, एक चुकली की फलाटावर बसून राहायचं. जाताना तिने मामाला बजावलं: "कशाला हात लावू नकोस."

मैत्रिणीची गाडी चुकली.

पहिली दहा मिनिटं भाऊ शहाण्यासारखा बसला. मग गुडघ्यांवर उतरला. मी पुरावा म्हणून सगळं पाहून ठेवलं. त्याने मशीन बंद करून वायर काढली. दोनपैकी एक रॅम उपटली. तिचे दात खोडरबरने घासले. नव्या कोऱ्या रॅमचे, हे मुद्दाम नोंदवते. ती बाजूला ठेवून मशीन एकाच रॅमवर चालू केलं. बायोसमध्ये जाऊन 'डीफॉल्ट'कडे बोट नेलं, मग चिठ्ठी बघून थांबला आणि फक्त एक्सएमपी बंद केलं. स्वतःच्या किल्ल्यांच्या जुडग्यातला पेनड्राइव्ह काढला (त्याच्यावर विंडोज ११ कायम असते, जशी काही लोकांकडे कायम मिठाची पुडी असते), तो पुढच्या पोर्टात न खुपसता मागे, थेट बोर्डाच्या पोर्टात लावला. आणि नेक्स्ट, नेक्स्ट.

४३ गेले. ५८ गेले. ७१ गेले. पंधरा मिनिटांत विंडोज बसली. मध्ये ती इंटरनेट मागत अडून बसली, कारण वाय-फायचा ड्रायव्हर अजून नव्हता. भावाने आपला फोन केबलने जोडून नेट दिलं आणि पुढे गेला. मुलगी दार उघडून आत आली तेव्हा पडद्यावर निळं फूल उमललेलं होतं आणि मामा चहा पीत होता.

"काय केलंस?"

"मारली विंडोज."

"कशी?"

त्याने सांगितलं. खोडरबरासकट.

"चार गोष्टी एकदम बदलल्यास?" ती खाली वर्तमानपत्रावरच बसली. "रॅम काढलीस, वेग बदललास, पेनड्राइव्ह बदललास, पोर्ट बदललंस. आता मला कसं कळणार काय बिघडलं होतं?"

"कळून काय करायचाय? चालू झाला ना?"

या एका प्रश्नावर ते पाऊण तास भांडले. मैत्रीण बिचारी थर्माकोलच्या पट्ट्या कुशीत धरून दारातच उभी.

भावाने खिडकीबाहेर हात केला. आमच्या खिडकीतून ट्रेलरांची रांग दिसते, त्यापलीकडे डोंगर. हनुमान द्रोणागिरी घेऊन चालला असताना त्याचा एक तुकडा इथे पडला, असं इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. "तो बघ. हनुमंताला मुळी ओळखता आली नाय. म्हणून तो तिथे वही घेऊन बसला काय? एकेक झाड तपासत? लक्ष्मण पडलाय तिकडे, सूर्य उगवायच्या आत पोचायचं आहे. उचलला डोंगर. मी चार गोष्टी बदलल्या म्हणजे डोंगर उचलला."

"गोष्ट अर्धी सांगतोयस मामा. डोंगर आल्यावर सुषेण वैद्याने त्यातून मुळी निवडली. डोंगर उगाळून नाही पाजला लक्ष्मणाला."

"पण आधी डोंगर आला!"

मला दोघांचंही पटत होतं, हे लेखकाच्या दृष्टीने वाईट लक्षण. भावाला ही घाई कुठून आली ते मला माहीत आहे. त्यानेच तो विषय काढला.

"२०१७ चा जून आठवतो का ताई?"

आठवतो. तो तीन रात्री धड घरी आला नव्हता. २७ जूनला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचं विष सुटलं आणि काही तासांत जगभर पसरलं. ते आत शिरलं की डिस्कच्या बूट सेक्टरवरच बसायचं, मशीन रीस्टार्ट करायचं आणि पडद्यावर 'डिस्क दुरुस्त होत आहे, बंद करू नका' असं साळसूद भासवत आतल्या आत सगळं कुलूपबंद करायचं. मग ३०० डॉलरची मागणी. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचं जाळं त्यात कोसळलं आणि त्याबरोबर आमच्या न्हावा-शेव्यातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया, इथल्या भाषेत जीटीआय. कुठला डबा कुठल्या थरात आहे, कुठल्या ट्रेलरला द्यायचा, हे सांगणारं यंत्रच मुकं झालं. भावाचं यार्ड त्या कंपनीचं नव्हतं, त्यांची मशिनं शाबूत होती. पण यार्डाचे ट्रेलर तिकडे जाऊन उभे राहायचे ते उभेच. ड्रायव्हर रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून भात शिजवत होते.

"तेव्हा कोणी वही काढली नाय," भाऊ म्हणाला. "सगळं पुसलं, सगळं नव्याने टाकलं."

हे खरं आहे. मर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये डाव्होसला आकडे सांगितले: ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक, २,५०० अ‍ॅप्लिकेशनं, आणि हे सगळं १० दिवसांत पुन्हा बसवलं. आमच्या हॉलमधल्या एका मशिनने शनिवार खाल्ला होता.

"४५,००० मशिनं," भाऊ पुन्हा म्हणाला. "एकेकाला विचारत बसले असते, बाबा तुला काय होतंय, तर अजून बसले असते."

"आणि घाना?"

"घानाचं काय?"

हे त्याला माहीत नव्हतं. मुलीने कुठेतरी वाचलेलं. कंपनीतल्या प्रत्येक माणसाचं नाव, पासवर्ड, परवानगी सांभाळणारे सर्व्हर जगभर दीडशेच्या आसपास होते आणि एकमेकांची नक्कल ठेवत होते. एक गेला तर दुसऱ्यावरून घ्यायचं, अशी योजना. सगळे एकाच वेळी जातील हे कुणी धरलंच नव्हतं. सगळे पुसले गेले, एक सोडून. घानातल्या कार्यालयात हल्ल्याच्या वेळी वीज गेली होती, म्हणून तिथला सर्व्हर जाळ्यातून सुटलेला होता. तेवढा वाचला.

"लोडशेडिंगने वाचला?" भाऊ इतका हसला की चहा सांडला. बोकडविऱ्याला गॅसवरचं वीजकेंद्र घरामागे असूनही त्याच्याकडे वीज जाते, हे त्याचं जुनं गाऱ्हाणं.

"तिथलं इंटरनेट इतकं मंद की तो डेटा पाठवायला दिवस लागले असते. डिस्क लंडनला न्यायची, तर ब्रिटनचा व्हिसा तिथल्या कुणाकडे नव्हता. मग घानाचा माणूस डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो ती लंडनला घेऊन गेला. ती एक डिस्क नसती तर ४५,००० मशिनं नव्याने टाकून उपयोग शून्य होता. म्हणजे डोंगर उचलला, पण मुळी घानाला होती."

भाऊ थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "पण त्यांनी दहा दिवसांत केलं."

"केलं. आणि विष ज्या भोकांतून पसरत होतं त्यांतल्या एकाचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ते भोक कुठलं हे न शोधता नुसतं सगळं पुन्हा टाकलं असतं तर संध्याकाळपर्यंत परत पुसलं गेलं असतं. कुणीतरी वही काढलीच होती मामा. तुझ्या गेटवर नसेल, पण काढली होती."

मला इथे एक वाटतं, ते सांगून टाकते. भावाचं तत्त्व जिथे वाढलं तिथे ते बरोबर होतं. दुकानदाराचं बिलिंगचं मशीन, गेटवरचं मशीन. त्यातलं काम दुसरीकडे साठवलेलं असतं, मशीन म्हणजे नुसती खुर्ची. मोडली तर दुसरी आणा. पण ज्या मशिनमध्ये माणसाचं स्वतःचं काम राहतं, तिथे 'चालू झालं' आणि 'बरं झालं' यांत अंतर आहे. मुलीने ते माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. रॅममधला एखादा बिट चुकला तर मशीन ओरडेलच असं नाही. विंडोज टाकताना ते ओरडलं, कारण इन्स्टॉलर उलगडलेल्या फाइली पडताळून बघतो. तिच्या ड्रॉइंगच्या फाइलला तसा पहारेकरी असेलच असं नाही. आज बिनबोभाट सेव्ह होईल आणि ज्यूरीच्या दिवशी परीक्षकांपुढे उघडणार नाही.

एवढं सगळं बोलणं भावाच्या डोक्यावरून गेलं असं नाही, पण तो हलला नाही. "त्रास दिला की बघू," एवढंच. त्याला हलवलं ते शेवटी तिने कंटाळून टाकलेल्या एका वाक्याने.

"आणि रॅम खराब असेल तर बदलून घ्यायची मुदत सात दिवस आहे. आज पाचवा."

"काय?" तो उभाच राहिला. "हे आधी बोलायचा ना! रॅमचे भाव बघितलेस का आता? मुदत गेली की कंपनीकडे पाठव, महिनाभर वाट बघ. लाव, लाव तो मेमटेस्ट."

संध्याकाळी सातला चाचणी लागली. आता भावाला वहीचा राग नव्हता, उलट तोच सांगत होता, लिही, वेळ लिही. आधी दोन्ही रॅम परत बसवून, एक्सएमपी बंद ठेवून. निळ्या पडद्यावर पांढरे आकडे सरकत राहिले. मेथीची भाजी झाली, जेवणं झाली, मैत्रीण कोपऱ्यात मॉडेलचे जिने कापत बसली. एक फेरी पूर्ण: चुका शून्य. भाऊ घड्याळ बघून नाराजीनेच घरी गेला. खराब रॅम सापडायची त्याला एव्हाना घाई झाली होती.

मग तिने मामाची रॅम, म्हणजे खोडरबर लागलेली, एकटी लावून एक्सएमपी चालू केलं. शून्य. दुसरी एकटी. शून्य. मला डुलकी लागली. रात्री दीडच्या सुमाराला ट्रेलरच्या हॉर्नने जाग आली तेव्हा ती पडद्यासमोर तशीच बसलेली होती आणि पडद्यावर लाल ओळी उतरत होत्या, पावसाच्या सरीसारख्या. दोन्ही रॅम, एक्सएमपी चालू. वीस मिनिटांतच.

"म्हणजे रॅम खराब?" मी विचारलं.

"एकेकटी चांगली आहे. दोघी मिळून ६,००० ला पळत नाहीत." तिने कचऱ्याच्या पिशवीतून दोन डबे काढून शेजारी ठेवले. रॅमच्या डब्यावर ६,०००. प्रोसेसरच्या तपशिलात, डीडीआर-५ समोर, ४,८००. त्याच्या वरचं जे काही आहे ते नशिबाचं, चाललं तर चाललं. "कमी रॅम पडते की प्रोसेसर, ते यावरून नाही कळत. त्याला दुसरा प्रोसेसर लावून बघावा लागेल."

मग तिने वही माझ्यासमोर धरली. पहिल्या ओळीवर बोट होतं. १२.५५.

रविवारी सकाळी नवाला भाऊ हजर. रात्रीत त्याचे तीन संदेश येऊन पडले होते, 'काय झाला?' असे. तिने न लपवता सगळं सांगितलं: वेग ५,२०० वर आणून ठेवलाय, पहाटेपासून दोन फेऱ्या शून्य, रॅम परत पाठवायचं कारण नाही, आणि पहिली कळ तिची तिनेच दाबली होती. विंडोज मात्र त्याची तशीच ठेवली आहे. वेग कमी असताना, एकाच चांगल्या रॅमवर बसलेली, म्हणून विश्वासाची.

तो पुष्कळ काही बोलू शकला असता. त्याने कॅबिनेटची काच काढून आत डोकावून बघितलं. 'व्हीएमडी बंद'च्या खाली नवी ओळ होती, 'एक्सएमपी नाही, ५,२००'. ती त्याने दोनदा वाचली.

"चिठ्ठीला सेलोटेप चांगली लाव, गरमीने पडेल," तो म्हणाला. "आणि माझा खोडरबर इथेच राहिला काल. दे."